पाचगणीचं रिसेप्शन: बिअर आपली, व्हिस्की ज्याची त्याची, हे पाहुण्यांना सांगायचं कसं?

एका होणाऱ्या नवरीनं विचारलेला प्रश्न थोडक्यात असा. मुलगी सांगलीची, विश्रामबागची. मुलगा साताऱ्याचा, मूळ गाव फलटणकडं. लग्न शनिवारी सांगलीत मंगल कार्यालयात आणि रविवारी संध्याकाळी मुलाकडचं रिसेप्शन पाचगणीच्या एका हॉटेलात, साधारण १८० माणसं. दोघांनी मिळून ठरवलंय की बिअर आणि वाइन आपल्याकडून, बाकी ज्याला जे हवं ते त्यानं हॉटेलच्या बारमधून स्वतःच्या पैशानं घ्यावं. मुलगा इंग्लंडात शिकलाय, तिकडं असंच असतं म्हणतो. मुलीची आई म्हणते, याबद्दल अक्षरही काढू नका, तिथं गेल्यावर ज्याला कळायचं त्याला कळेल. मुलाचे आजोबा, म्हणजे आबा, माळकरी. तर हे पत्रिकेत लिहायचं का? नाही तर कुठं, आणि कोणत्या शब्दांत?

पत्रिकेत नाही, हे आधी संपवून टाकू. आपल्याकडं पहिली पत्रिका देवाला जाते. सांगलीकर गणपतीपुढं ठेवतात, कुणी जोतिबाला नेतं, कुणी पालीच्या खंडोबाला, कुणी मांढरदेवला. मग भावकी, मग सोयरे. वर कुलदैवतांची नावं आणि खाली 'कॉकटेल्स ७.३० पासून' अशी पत्रिका मी पाहिलीय. पुण्यातल्या डिझायनरनं केलेली, कागद भारी, अक्षर सोनेरी. मुलाच्या आजींनी देव्हाऱ्यात ठेवताना तिची खालची कड दुमडली आणि वर सुपारी ठेवली. कुणाला काही बोलल्या नाहीत. 'आहेर आणू नये' एवढी सूचना त्या कागदाला पेलते. त्यापुढचं दुसरीकडं लिहा.

पण आईंचं 'अक्षरही काढू नका' मला पटत नाही. त्या ज्या काळाबद्दल बोलतात तो मी पाहिलाय. हळदीच्या रात्री मळ्यातल्या शेडमागं दहा-पंधराजणांची 'बसायची सोय' असायची. करवल्याचा मोठा भाऊ कानात सांगायचा, घरातल्या बायकांना माहीत असायचं आणि माहीत नसल्यासारखं चालायचं. तिथं न सांगणं हीच रीत होती, कारण जो येणार तो ठरलेला होता आणि त्याला काही ठरवायचं नव्हतं. तुमचा कार्यक्रम तसा नाही. हॉटेल आहे, काउंटर आहे, दराचं कार्ड आहे आणि घाट उतरून परत जायचं आहे.

मी एकच बघते: ही गोष्ट आधी माहीत नसली तर पाहुण्याची तिथं अडचण होईल का? होणार असेल तर सांगायची. होणार नसेल तर सांगायचं कारण नाही, ती नुसती जाहिरात. व्हिस्की कोणत्या कंपनीची, वाइन लाल का पांढरी, बारमन मुंबईहून येणार आहे, यातलं काहीही आधी कळून कुणाचं काही अडत नाही. खिशातून पैसे द्यावे लागणार असतील तर मात्र अडतं. रात्री गाडी कोण चालवणार हे अडतं. पोरं बरोबर आणायची का, मुक्काम करायचा का, आणि माळकरी माणसाचा प्रश्न असेल तर मुळात यायचं का, हेही अडतं. एवढ्याबद्दलच बोला.

आता तुमच्या ठरावातला जो भाग मला खटकला त्याकडं येते. विचारलं नाहीत तरी सांगते, कारण सांगण्याची सगळी अडचण तिथूनच उभी राहिलीय.

तुमचा होणारा नवरा खोटं बोलत नाही. इंग्लंडात जेवणाबरोबरची वाइन आणि शुभेच्छांच्या वेळचा ग्लास यजमानाचा, पुढं संध्याकाळच्या बारला ज्यानं त्यानं पैसे मोजायचे, हे सर्रास चालतं. अमेरिकेत उलटं आहे. तिथं लग्नात पाहुण्याकडून दारूचे पैसे घेणं बरेचजण कमीपणाचं समजतात. तेव्हा 'परदेशात असंच असतं' याचा आपल्याला फार उपयोग नाही. मुद्दा वेगळा आहे. इंग्लंडातल्या पाहुण्याला हे माहीतच असतं, तो खिशात पैसे ठेवूनच घरातून निघतो. आपला मामा येतो तो आहेराचं पाकीट घेऊन. ते पाकीट स्टेजवर द्यायचं आणि खाली येऊन पेगचे पैसे मोजायचे, हे त्याला सरळ वाटणं शक्य नाही.

साताऱ्याजवळ हायवेवरच्या एका हॉटेलात असाच कार्यक्रम झाला होता. तिथं माझं काम स्टेज आणि फुलांपुरतं होतं. बिअर घरची, बाकी विकत, आणि कुणालाच सांगितलेलं नव्हतं. नवऱ्या मुलाचे थोरले मामा तासगावकडचे, द्राक्षबागायतदार, चार लोकांत उठबस असलेला माणूस. त्यांनी आपल्या टेबलावर व्हिस्की मागवली, शेजारच्या दोन पाव्हण्यांनाही आग्रह केला. कार्य भाच्याचं, म्हणजे एका परीनं यजमान तेच. अर्ध्या तासानं वेटरनं काळ्या फोल्डरमध्ये बिल आणून त्यांच्यापुढं ठेवलं. मामांनी फोल्डर उघडलं, मिटलं, पुन्हा उघडलं. मग जाकिटाच्या आतल्या खिशातून नोटा काढून ठेवल्या आणि वेटरला म्हणाले, "राहू दे सुट्टे." शेजारचे दोघं तोवर ताटाकडं बघत होते. आरडाओरडा नाही, काही नाही. पाचपरतावण्याला मात्र मामांना अचानक बागेत औषध मारायचं काम निघालं, आणि मुलाची आई पुढं कितीतरी दिवस भावाला फोन करून करून थकली.

त्या घरानं वाचवले किती, हा हिशेब मी तेव्हाच मनातल्या मनात केला होता. तुमचाही करून बघू. ७५० मिलीच्या बाटलीत ६० मिलीचे बारा पेग बसतात. १८० माणसांत बायका, पोरं, म्हातारी माणसं, माळकरी, जैन आणि लिंगायत पाहुणे, उपवासवाले आणि 'आज नको, सोमवारी ड्युटी आहे' म्हणणारे वगळले की आपल्या सांगली-साताऱ्याच्या रिसेप्शनला व्हिस्की-रम घेणारी माणसं किती उरतात? वरातीत नाचणाऱ्यांवरून अंदाज बांधू नका. समजा पस्तीस. प्रत्येकी दोन मोठे पेग धरले तरी सत्तर पेग. म्हणजे सहा बाटल्या. सहा! तुमच्या स्टेजमागच्या फुलांच्या भिंतीचा खर्च काढून याच्या शेजारी ठेवा.

हॉटेलवाला पेगचा दर सांगतो म्हणून आकडा अंगावर येतो. त्याला बाटलीच्या हिशेबानं दर मागा, आणि सील तुटलेल्या बाटल्यांचंच बिल लावायचं असं लेखी घ्या. दारूला जीएसटी नसतो, व्हॅट असतो, त्यामुळं ते बिल जेवणाच्या बिलापासून वेगळं येतं. कोटेशन घेताना टॅक्ससह आकडा मागा. वर एक मर्यादा ठरवा. व्हिस्की एक, रम एक, एवढंच. वेळ साडेसात ते साडेनऊ. त्यानंतर काउंटर बंद. सगळं आपल्याकडून, पण थोडं आणि ठरलेल्या वेळेत. याला कुणी नाव ठेवत नाही. 'साडेनऊला बंद केलं' ही तक्रार पाहुणा हसत करतो. 'माझ्याकडून पैसे घेतले' ही तो तुमच्यापाशी करतच नाही, दुसऱ्यांपाशी करतो.

कुपनं मात्र काढू नका. माणशी दोन कुपनं वाटायची टूम हल्ली निघालीय. लग्नाला आलेला माणूस रेशनच्या दुकानापुढं उभा राहिल्यासारखा हातात चिठ्ठी धरून उभा राहतो, आणि न पिणाऱ्यांच्या चिठ्ठ्या गोळा करत फिरणारा एक भाचा प्रत्येक घरात निघतोच.

आणि बजेट खरंच नसेल तर बिअर-वाइनवर थांबा आणि हॉटेलचा विकतचा बार त्या संध्याकाळी आपल्या हॉलपुरता बंद ठेवायला सांगा. कमी देणं चालतं. बहुतेक हॉटेलं रिसेप्शनपुरतं हे मान्य करतात. राहायला आलेल्या त्यांच्या इतर गिऱ्हाइकांसाठी परमिट रूम चालू राहील, तिथं जाऊन कुणाला प्यायची तर तो त्याचा प्रश्न.

हे सगळं ऐकूनही विकतचं ठेवायचंच असेल तर मग आधी सांगणं ही सभ्यता उरत नाही, ती सक्ती होते. एकही पाहुणा असा नको की ज्याला टेबलावर बिल आल्यावर कळलं. आणि मुलाचे मामा, आत्याचे यजमान, तुमचे काका अशा पाच-सहा मानाच्या माणसांची नावं हॉटेलच्या कॅप्टनकडं, म्हणजे वेटरांच्या प्रमुखाकडं, लिहून द्या. त्यांनी काही मागवलं तर बिल तुमच्या खात्यावर, त्यांच्यापुढं फोल्डर जाता कामा नये. हे कुणाला सांगायचं नाही, त्यांनाही नाही.

आता सांगायचं कुणी आणि कुणाला. इथं माझं मत ठाम आहे: ज्या वयाचा पाहुणा, त्या वयाच्या माणसानं सांगावं. तुमच्या मित्रमैत्रिणींना तुम्ही दोघांनी. चुलत-मावस भावंडांना त्यांच्यातल्याच एकानं. तुमच्या वडिलांच्या वयाच्या माणसांना तुमच्या वडिलांनी किंवा काकांनी, फोनवर, दुसऱ्या चार गोष्टी बोलताना. "भाऊसाहेब, मुक्कामाची खोली काढलीय तुमची, संध्याकाळी थोडी बसायची सोय पण आहे, गाडी घेऊन खाली उतरायचं ठेवू नका." झालं. यात सगळं आलं. हेच वाक्य जावयाच्या तोंडून किंवा, त्याहून वाईट, नव्या सुनेच्या मेसेजमधून गेलं तर ऐकणाऱ्याला कानकोंडं होतं.

दोन्ही घरांच्या मोठ्या व्हॉट्सॲप ग्रुपवर काही टाकू नका. त्या ग्रुपात शाळेतले भाचे आहेत, गावाकडचे गुरुजी आहेत, आणि तुमच्या सासऱ्यांचे साहेबही असतील. शिवाय असा मेसेज एकदा गेला की त्याखाली हसण्याच्या चित्रांची रांग लागते आणि कुणीतरी लिहितं, 'मग काय, रविवारी पाचगणी!' ते आबांच्या मोबाइलवरही दिसतं. मित्रांचा ग्रुप वेगळा असतोच, तिथं लिहा. इतरांना एकेकट्याला.

मित्रांसाठी मजकूर मी साधारण असा देते:

'रविवारी संध्याकाळी सात वाजता पाचगणीला भेटूया. जेवण साडेआठपासून. बिअर, वाइन आणि थोडी व्हिस्की-रम आमच्याकडून आहे, साडेसात ते साडेनऊ. कोकम, स्ट्रॉबेरीचं सरबत आणि सोडा शेवटपर्यंत. रात्री अकराला बस साताऱ्याला जाणार आहे, वाटेत वाईला थांबेल. बसमध्ये जागा हवी असेल तर शुक्रवारपर्यंत नाव कळवा. मुक्काम करणाऱ्यांनीही तेव्हाच सांगा, खोल्या मोजक्या आहेत.'

विकतचं ठेवलंत तर तिसऱ्या वाक्याच्या जागी हे: 'बिअर आणि वाइन आमच्याकडून आहे. याखेरीज हॉटेलच्या बारमधून काही घेतलंत तर त्याचं बिल तिथंच द्यायचं आहे, यूपीआय आणि कार्ड चालतं.' एवढंच. 'क्षमस्व' नको, 'बजेटमुळे' नको, 'समजून घ्याल ही अपेक्षा' तर मुळीच नको. माफी मागितली की वाचणाऱ्याला वाटतं यात काहीतरी वावगं आहे. 'यूपीआय चालतं' हे आधी तपासा. पाचगणीत काही ठिकाणी आत नेटवर्क मिळत नाही, मग पोरं फोन वर धरून गॅलरीत फिरतात. आणि ग्लासांची, बाटल्यांची चित्रं टाकू नका. उद्या तोच मेसेज कुणीतरी तुमच्या सासूबाईंना पुढं पाठवणार आहे, हे धरूनच लिहायचं.

इंग्लंडहून मित्र येणार असतील तर त्यांना उलट्या गोष्टी सांगाव्या लागतात. शनिवारी कार्यालयात दारू नसते, आपल्याकडच्या बहुतेक मंगल कार्यालयांचा तसा नियमच असतो आणि भिंतीवर पाटीही असते. तेव्हा खिशात चपटी बाटली घेऊन येऊ नये. रिसेप्शनलाही जेवणानंतर लोक थांबत नाहीत, जेवले की निघतात, आणि दहानंतर उघड्यावर स्पीकर चालत नाही. रात्री दोनपर्यंत नाचायच्या तयारीनं आलेल्या माणसाला हे साडेदहाला कळणं बरं नव्हे.

बायकांचं कुणी लक्षात घेत नाही म्हणून मुद्दाम लिहिते. तुमच्या पुण्याच्या मैत्रिणींपैकी काहीजणी वाइन घेत असतील, आणि त्यांच्यातल्या एक-दोघींचं सासर याच मांडवात असेल. काउंटर दारासमोर आणि फोटोग्राफर त्याच्या शेजारी, अशी मांडणी असली की त्या बिचाऱ्या दोन तास पाणी पीत बसतात. त्यांना आधी सांगायचं ते दारूबद्दल नसतं, जागेबद्दल असतं: 'काउंटर मागच्या गच्चीवर आहे, तिकडं कॅमेरा येणार नाही.' आणि कॅमेरावाल्याला खरंच तशी ताकीद द्यायची. उलट ज्या मावश्या-काकूंना त्या वासाजवळही बसायचं नसतं, त्यांच्यासाठी जेवणाचा हॉल वेगळा आणि बारपासून लांब आहे हे आईंनी फोनवर सहज सांगून ठेवावं. पंगत दिसते तिथून बार दिसू नये, एवढी एक अट हॉटेलला घाला. बाकीचं अर्धं काम त्यात होतं.

आता आबा. आबांपासून लपवायचं असं तुमच्या घरात ठरलं असेल, तर ते रविवारी संध्याकाळपर्यंत टिकणार नाही. फलटण-लोणंद-तरडगाव ही माउलींच्या पालखीची वाट. त्या भागातला माळकरी माणूस म्हणजे घरात लसूण-कांद्याच्या वासावरूनही उठणारा असू शकतो, त्याला ग्लास ओळखू येत नाही असं समजणं हा त्याचा अपमान आहे. शिवाय याच जिल्ह्यात जावळी तालुक्यातल्या बायकांनी 'आडव्या बाटली'ला, म्हणजे दारूबंदीच्या चिन्हाला, मतं देऊन दुकानं बंद पाडली. त्यांच्यापैकी कुणी तुमच्या सोयऱ्यांत निघालं तर नवल नाही. तेव्हा आबांना आधी सांगा, आणि ते त्यांच्या मुलानं सांगावं, म्हणजे तुमच्या सासऱ्यांनी. समोर बसून, नातू बरोबर नको. परवानगी मागायची नाही, कारण ते नाही म्हणाले तर तुम्ही बार काढणार आहात का? नसाल तर विचारू नका. सांगा आणि पुढची वाट दाखवा: "लग्न शनिवारचं, ते तुमच्याच हातानं. रविवारी पाचगणीला पोरांचा कार्यक्रम आहे, तिथं पिणारी माणसं असतील. तुम्ही पाचला या, आशीर्वाद द्या, फोटो काढू, सहाला गाडी तुम्हाला खाली आणेल." माझ्या अनुभवात अशी माणसं दोनांपैकी एक करतात. एक तर येतच नाहीत आणि शनिवारी भरभरून आशीर्वाद देऊन मोकळी होतात, नाही तर पाचला येऊन सहाला ताठ मानेनं जातात. रागावतात ती न सांगितल्यावर. सहाच्या आत हॉलमध्ये एकही बाटली, बर्फाची एकही पेटी दिसता कामा नये, हे मात्र हॉटेलला बजावावं लागतं. आबांसाठी गाडी कोणती, ड्रायव्हर कोण, हेही आधी नक्की हवं; आशीर्वाद दिलेल्या माणसाला पार्किंगमध्ये गाडीची वाट बघत बसवू नका.

घाटाबद्दल. पाचगणीहून वाईला उतरायचं तर पसरणी घाट, मेढ्याकडून गेलात तर केळघर. रात्री, थंडीत, समोरून उसाची ट्रॉली येताना तो कुणीही सहज उतरू नये, प्यायलेल्या माणसानं तर नाहीच. मोटार वाहन कायद्यात १०० मिली रक्तात ३० मिलिग्रॅमपेक्षा जास्त अल्कोहोल सापडलं तर पहिल्याच वेळी दहा हजार दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. पण हे आकडे आमंत्रणात लिहून कुणी शहाणं होत नाही. 'जबाबदारीनं प्या' असली वाक्यंही नकोत, ती बाटलीवर असतातच. बस ठेवा आणि बसची वेळ सांगा. सांगलीच्या माणसांना पेठ नाका, कराड करत तीन-साडेतीन तास चढून यायचंय, त्यांना त्याच रात्री परत पाठवण्यापेक्षा वाईत किंवा साताऱ्यात खोल्या बघून द्या आणि तेवढं आधी सांगा. भाड्याच्या गाड्यांच्या ड्रायव्हरांना साडेसातलाच जेवायला बसवा, बारच्या जवळपास न फिरकता. 'आपला पण एक होऊ दे' म्हणणारा दिलदार पाहुणा त्यांनाच आधी गाठतो.

कायद्याचं थोडक्यात, कारण तुमच्या हॉटेलला बहुधा परवाना असेलच. तो परवाना लॉनलाही लागू आहे का, का फक्त आतल्या परमिट रूमला, हे विचारा. लॉन त्यात नसेल तर जिल्ह्याच्या राज्य उत्पादन शुल्क कार्यालयातून त्या दिवसाचा कार्यक्रमाचा परवाना घ्यावा लागतो. फार्महाउसवर किंवा मळ्यात करणाऱ्यांना तर तो हवाच. महाराष्ट्रात माइल्ड बिअर आणि वाइनला वयाची अट २१ आणि बाकीच्या दारूला २५ वर्षांची आहे. तुमच्या चुलत भावंडांत बावीस-तेविशीची पोरं असणार. त्यांना काउंटरवर चारचौघांत थांबवलं की भांडण होतं, म्हणून त्यांना त्यांच्या ताईनं आधीच सांगून ठेवलेलं बरं. तारीख तपासा, २६ जानेवारी, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर सगळ्यांना पाठ असतात, निवडणूक लक्षात राहत नाही. मतदान संपायच्या वेळेआधीचे ४८ तास त्या भागात दारूबंदी असते. पत्रिका छापून झाल्यावर निवडणूक जाहीर झाली आणि मित्रांना पाठवलेला मेसेज परत घ्यावा लागला, असं घडतं. म्हणून हा मेसेज महिनाभर आधी पाठवायची घाई नको, आठ-दहा दिवस आधी पुरे. मुक्काम आणि बसचं तेवढं लवकर विचारून घ्या.

सातारा म्हणजे फौजींचा जिल्हा, तेव्हा एखादे सुभेदार काका नक्की म्हणतील, "हॉटेलला कशाला पैसे घालता, कँटीनमधून आणून देतो." आणि सांगलीकडून कुणीतरी म्हणेल, म्हैसाळच्या पलीकडं कर्नाटकात स्वस्त मिळते, किंवा मित्र गोव्याहून येतोच आहे. तिन्हींना नाही म्हणा. कँटीनचा कोटा फौजीच्या स्वतःसाठी असतो, लग्नात वाटण्यासाठी नाही, आणि बाहेरच्या राज्यातली दारू परवान्याशिवाय आणणं हा गुन्हा आहे. नाक्यावर गाडी धरली तर वऱ्हाड तिथंच अडकतं. काकांना वाईट वाटू नये म्हणून "हॉटेल बाहेरचं आत घेऊ देत नाही" असं सांगा, ते खरंही असतं. मामांनी स्वतःच्या बागेतल्या द्राक्षांची पेटी आणली तर ती मात्र जरूर घ्या आणि जेवणाच्या टेबलावर मांडा. पलूसला वाइन पार्क होऊनही आपल्याकडचा बागायतदार स्वतः वाइन क्वचितच पितो, त्याला द्राक्ष ताटात किंवा बेदाण्यात दिसलेलं जास्त आवडतं.

न पिणाऱ्यांना काय आहे हेही मेसेजमध्ये यायला हवं, म्हणून वरच्या मजकुरात सरबतं लिहिलीत. अशा कार्यक्रमात त्यांच्या वाट्याला कोमट कोल्ड्रिंक येतं. त्यांचा काउंटर आधी उघडा, दारूचा अर्ध्या तासानं. स्ट्रॉबेरीच्या हंगामात पाचगणीत असून बाटलीतलं सरबत देऊ नका, ताजी फळं मागा.

कॅप्टनशी आदल्या दिवशी एकदा बोला. साडेनऊनंतर कुणी मागितलं तर वेटरनं काय म्हणायचं ते ठरवून द्या. 'यजमानांनी बंद करायला सांगितलंय' हे वाक्य मी ऐकलंय आणि ते ऐकून यजमानाच्या मेव्हण्यानं खुर्ची मागं सारलेली पाहिलीय. 'साहेब, काउंटर आवरला, जेवण गरम आहे, इथंच आणू का?' असं म्हणायला सांगा.

आणि मजकूर पाठवण्याआधी तो एकदा दोन्ही आयांना वाचून दाखवा. बदल फार सुचवणार नाहीत. 'आमच्याकडून' म्हणजे नेमकं कुणाकडून, हे मात्र त्या विचारतीलच. रिसेप्शन मुलाकडचं, पण निम्मं बिल तुम्ही दोघं तुमच्या पगारातून देताय असं तुमच्या प्रश्नावरून वाटतं. तसं असेल तर सासऱ्यांना ते माहीत आहे का, हे आधी बघा.